रुमाल टाकलेली जागा

एसटीच्या विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. त्यामुळे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सोय गेली, पण सवय गेली नाही. आता गाडी थांबली की आया आपल्या पोरांना दारातून आधी आत सोडतात, आणि पोरं रुमाल, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या टाकत मागच्या बाकापर्यंत धावतात. मागून चढलेला म्हातारा रिकाम्या बाकासमोर उभा राहतो, रुमालाकडे बघतो आणि वरचा दांडा पकडतो. रुमाल उचलून बसावं असं त्याच्या मनातही येत नाही. आपल्याकडे रुमालाला माणसाइतका मान आहे.

कातळवणे ग्रामीण रुग्णालयाची यंत्रखोली सांभाळणाऱ्या चारुता मयेकरने ही सवय यंत्राला शिकवली.

त्या भागात फुरसं हा लहान विषारी साप फार. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, दगडाखाली ते गुंडाळी करून पडलेलं असतं. ते चावलं तरी माणूस सहसा मरत नाही. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं जुनं प्रतिविष जीव वाचवतं. पण जिथे दात लागले तिथलं मांस लगेच मरू लागतं, आणि जुनं औषध तिथपर्यंत वेळेत पोहोचत नाही. बोटं जातात, कधी पाऊल जातं.

नवं यंत्र यासाठीच होतं. जखमेवरचा एक थेंब त्यात घातला की ते विषाचे रेणू वाचायचं, त्यांचे आकार काढायचं आणि कुलपात किल्ली बसावी तसा त्या आकारात बसणारा दुसरा रेणू शोधायचं. शेजारच्या औषधयंत्रात तो रेणू तयार व्हायचा. जखमेभोवती तो टोचला की मांस मरायचं थांबायचं. अट एकच, उशीर व्हायला नको.

मात्र कोणत्याही यंत्राला हे एकट्याने जमत नसे. एका डोंगरावरच्या फुरशाचं विष आणि पलीकडच्या डोंगरावरच्या फुरशाचं विष यांत फरक असतो, आणि तो वर्षावर्षाला बदलतो. म्हणून आजवर सापडलेले सगळे आकार एकाच मोठ्या डिस्कवर ठेवले होते. तिला सगळे भांडार म्हणत. जिल्ह्यातली चाळीस यंत्रं त्याच भांडारातून वाचत आणि त्यातच लिहीत. सकाळी एका गावाने शिकलेलं दुपारी दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडे. विषाचं वाचन इतकं मोठं असे की ते फोनवरून दुसऱ्या रुग्णालयाला पाठवता येत नसे. प्रत्येक यंत्राला स्वतः भांडाराशी जोडून घ्यावं लागे. आणि भांडार एका वेळी सोळाच यंत्रांना जोडून घेई. सतराव्याने रांगेत थांबायचं.

पडद्यावर सोळा हिरवे दिवे होते, प्रत्येकाखाली गावाचं नाव. जोडलेलं यंत्र काही वेळ गप्प राहिलं तर ते बंद पडलं असं समजून भांडार त्याची जागा काढून घेई. तेही बरोबरच होतं. अर्धवट लिहून झोपी गेलेलं यंत्र मध्येच जागं होऊन काहीतरी खरडू लागलं, तर दुसऱ्याचं लिखाण बिघडायचं.

आदल्या वर्षी कातळवण्यात एका गवंड्याला रांगेत थांबावं लागलं आणि त्याच्या पायाची दोन बोटं गेली. त्यानंतर चारुताने एक छोटा प्रोग्राम लिहिला. काम नसलं तरी तो अधूनमधून भांडारातलं एक अक्षर वाचायचा आणि गप्प बसायचा. भांडाराला वाटायचं, कातळवणे जागं आहे. दिवा हिरवा राहायचा.

याला 'रुमाल' हे नाव दिगंबर घागने दिलं. दिगंबर तिचा मावसभाऊ. खाडीपलीकडच्या निवळखोलच्या लहान रुग्णालयात तो हेच काम करायचा.

"म्हणजे तू बसलेली नसतेस, तुझा रुमाल बसलेला असतो," तो हसून म्हणाला होता.

"तुलाही देऊ का?"

"नको गं. आमच्याकडे पेशंट किती? काम झालं की मी उठतो. कुणीतरी उठायला नको का?"

बाकीच्यांनी मात्र मागून घेतला. दिवाळीच्या फराळाचं ताट फिरावं तसा तो प्रोग्राम या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरला. बसलेला आणि रुमाल, पडद्यावर दोन्ही हिरवेच. हळूहळू सोळाही दिवे दिवसभर हिरवे राहू लागले. भांडारात काम थोडंच चालू असे, पण जागा नसे.

मे महिन्यातल्या एका दुपारी दिगंबरचा फोन आला.

"चारू, एक पोर आणलीय. भुवडांची शर्वरी. फुरसं. उजवा अंगठा."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास. चेंडू अडकला म्हणून गडग्याच्या फटीत हात घातला. रचलेले दगड म्हणजे फुरशांचं घरच, पण सुट्टीत पोरांना कोण सांगणार. जुनं औषध चालू केलंय. थेंब यंत्रात घातलाय, पण जागा नाही. रांगेत पहिला आहे मी. तू बसलीयस की रुमाल आहे?"

चारुताने काचेतून बाहेर पाहिलं. आंब्याच्या बागेचा राखणदार बाकावर बसला होता. पायाला काहीतरी चावलं म्हणून तो मघाशी आला होता. पावलावर एकच ठिपका होता, आणि सूज पसरते का ते कळावं म्हणून नर्सने ठिपक्याभोवती पेनाने गोल काढला होता. सूज गोलापर्यंतही आली नव्हती. राखणदार चहात बिस्किट बुडवून खात होता.

"पेशंट आहे," ती म्हणाली.

"फुरसंच?"

"बघतायत अजून."

"बरं, बरं. मग तुझा पेशंट आधी. मी दुसरीकडे विचारतो."

फोन ठेवल्यावर तिचा हात रुमाल काढायच्या बटणापर्यंत गेला. पण ती विचार करत राहिली. काढला आणि याचा पाय सुजला तर? पुन्हा रांगेत शेवटून. गवंड्याची बोटं तिने पाहिली होती. शर्वरीला तिने पाहिलं नव्हतं. आणि जिल्ह्यात आणखी पंधरा जागा होत्या. त्यांपैकी कुणीतरी उठेलच की. ज्यांना ज्यांना तिने रुमाल दिला होता ते सगळे त्या दुपारी हाच विचार करत होते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसरा चहा झाल्यावर राखणदाराने चपला पायात घातल्या आणि "आई गं" म्हणून पुन्हा काढल्या. एक चप्पल उलटी धरून तो नर्सला म्हणाला, "सिस्टर, हे बघा काय चावलं ते. करवंदीचा काटा." नर्स हसली. तोही हसला, आणि राहिलेलं बिस्किट खिशात घालून निघाला.

चारुताने तेव्हा रुमाल काढला. कातळवण्याचा दिवा विझला आणि त्याच जागी निवळखोलचा पेटला. मिळाली जागा, असं ती स्वतःशी म्हणाली. घड्याळाकडे मात्र तिने पाहिलं नाही.

दिगंबरने संध्याकाळी पुन्हा फोन केला. आवाज थकलेला होता.

"अंगठा नाही राहिला गं. पण हात वाचला. तळव्याकडे चाललं होतं ते थांबलं. आणि तुला सांगतो, सगळीकडे फोन केले, प्रत्येकाकडे पेशंट. उठलीस ती तू एकटी. तुझं काम झालं तशी लगेच उठलीस म्हणून एवढं तरी झालं. शर्वरीची आई तुझं नाव विचारत होती." मग थांबून त्याने विचारलं, "तुझा पेशंट कसा आहे?"

"बरा आहे," चारुता म्हणाली.

"बरं झालं. एकाचं तरी नीट झालं."

त्यानंतर तिने रुमाल पुन्हा टाकला नाही. कुणाला सांगितलंही नाही. एकदाच, रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. कुमठेकर मॅडमच्या कानावर तिने सगळं घातलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही नियम कुठे मोडलात? जागा धरून ठेवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि खोटं तरी काय बोललात? पेशंट होताच ना बाकावर."

"होता, मॅडम."

"मग झालं तर. आणि तो प्रोग्राम बंद केलाय म्हणता, तो चालू करा. उद्या आपल्याकडे कुणी आलं तर मी काय सांगू, आमच्या चारुताबाईंना वाईट वाटलं म्हणून थांबा?"

मॅडम तिला धीर देत होत्या, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य तिला करवंदीच्या काट्यासारखं रुतत होतं. दिसायला ठिपकाही नाही, पण पाऊल टाकलं की कळायचं.

शाळा सुरू झाल्यावर दिगंबरने निरोप आणला. निवळखोलच्या शाळेला तिचा सत्कार करायचा होता. शाल आणि नारळ. नारळ शर्वरीच्या हातून द्यायचा. शिवाय यंत्राचं काम मुलांना समजेल असं तिने सांगावं, अशी मुख्याध्यापक साळवी सरांची विनंती होती.

"मी मुलांना शिकवायला येते," चारुता म्हणाली. "सत्कार नको."

"का?"

"नको म्हणते ना, दिगूदादा."

"अगं, लाजतेस काय एवढी? शाळेत बक्षीस घ्यायला पण अशीच पाय ओढत जायचीस." तो हसला. "लाजू नको. मी त्यांना सांगून टाकलंय."

'लाज' या एकाच शब्दात किती वेगळ्या गोष्टी मावतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

निवळखोलच्या शाळेत एकाच मोठ्या खोलीत तीन वर्ग बसायचे. टेबलावर ताट होतं. त्यात घडी घातलेली शाल, नारळ आणि हळदकुंकू. शर्वरी पहिल्या रांगेत होती. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्यांची. उजवा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता आणि डाव्या हाताने ती पाटीवर आपलं नाव गिरवत होती. 'श'चा काना सारखा बाहेर पळत होता. तिची आई मागे भिंतीशी बसली होती. दिगंबर दारात उभा होता.

"आधी तुमचं ऐकू, मग सत्कार," साळवी सर म्हणाले.

चारुताने फळ्यापाशी चार स्टुलं मांडली आणि चार मुलांना बोलावून हातात खडू दिले.

"हा फळा म्हणजे भांडार. तुम्ही चौघं म्हणजे चार गावांची यंत्रं. प्रत्येकाने फळ्यावर सापांची नावं लिहायची. पण लिहिण्याआधी बाकीच्या तिघांना विचारायचं, 'मी इथे लिहू का?' तिघांनीही 'लिही' म्हटलं तरच खडू टेकवायचा."

चौघांनी सुरुवात केली. 'नाग', 'घोणस', 'धामण' अशी नावं भराभर उमटली.

"छान. आता आणखी आठ जण या."

आठ जण धावत आले. आता प्रत्येकाला अकरा जणांना विचारायचं होतं. "मी लिहू का?", "थांब, मी आधी विचारलं", "ए, तू लिही म्हणालास की नको म्हणालास?" असा गलका झाला. बराच वेळ फळ्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"काय झालं?" चारुताने विचारलं.

"सगळे नुसते विचारतायत, बाई," एक मुलगी म्हणाली. "लिहीत कुणीच नाही."

"अगदी बरोबर. फळा मोठा आहे, खडूही भरपूर आहेत. पण एकमेकांना विचारण्यातच वेळ जातो. न विचारता लिहिलं तर एकाचा नाग दुसऱ्याच्या घोणशीवर पडेल. म्हणून भांडार ठरावीक यंत्रांनाच बसू देतं. खऱ्या भांडारात सोळा, आपल्या फळ्यावर चार. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं, आणि कुणी उठलं की पुढच्याने बसायचं. कळलं?"

कळलं होतं. पुढे त्यांचं त्यांनीच सुरू केलं. चौघं बसले, बाकीच्यांनी रांग लावली. रांगेत सर्वांत पुढे शर्वरी होती. तेवढ्यात बसलेल्यांतल्या एकाला तहान लागली. तो उठला, खिशातला रुमाल स्टुलावर टाकला आणि पाण्याच्या टाकीकडे पळाला. ते पाहून दुसऱ्यानेही रुमाल टाकला. तिसऱ्याने कंपासपेटी ठेवली. चौथीने चप्पल काढून स्टुलावर ठेवली, तेव्हा सगळी खोली हसली. यांतलं काहीही चारुताने त्यांना सांगितलेलं नव्हतं. गाडीत रोज हेच काम त्यांच्याकडे असायचं.

"बाई," शर्वरी म्हणाली, "चारही स्टुलं रिकामी आहेत. पण जागा नाही."

मुलं पुन्हा हसली. साळवी सरही हसले.

"रुमाल उचलून बस ना," चारुता म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"असं कसं बसू? कुणाचा तरी आहे तो."

ताटातल्या नारळावर कुणीतरी कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं. चारुताने त्याच्याकडे पाहिलं, मग शर्वरीकडे. पुढे जे बोलायचं ते तिने घरून आणलेलं नव्हतं. शिकवून झालं की शाल खांद्यावर घ्यायची, चटकन काढायची आणि परतीची गाडी पकडायची, इतकंच तिने ठरवलं होतं.

"शर्वरी, तुला फुरसं चावलं त्या दिवशी असंच होतं," ती म्हणाली. "मी भांडारात बसले नव्हते. माझा रुमाल होता."

खोलीत एकदम शांतता झाली नाही. मागची दोन मुलं अजून चपलेवरून भांडत होती. सरांनी त्यांना गप्प केलं.

"दिगूदादाने मला फोन केला. रुमाल असेल तर काढ, म्हणून. मी म्हटलं, पेशंट आहे."

"नव्हता?" शर्वरीने विचारलं.

"एक माणूस होता. बाकावर बसून चहाबिस्किट खात होता. त्याला काटा लागला होता."

एक मुलगा फिस्सकन हसला आणि लगेच खाली बघू लागला.

"आणि मी रांगेत होते?"

"हो. पहिली."

"आत्तासारखी?"

"आत्तासारखी."

शर्वरीने थोडा विचार केला. "तुम्हाला माहीत होतं, मी आहे ते?"

"होतं. दादाने नाव सांगितलं होतं."

मागे भिंतीशी बसलेली आई उठली. ती टेबलापाशी आली, चारुताकडे न बघता ताट उचललं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन ते मांडीवर घेऊन बसली. शाल आणि नारळ तिने पदराखाली झाकले. साळवी सर फळ्यावरची सापांची नावं पुसू लागले.

"बिस्किट," दारातून दिगंबर म्हणाला.

चारुता त्याच्याकडे वळली.

"मी त्याची तब्येत विचारली होती तुला. विचारली होती ना?"

"हो."

"आणि गावभर सांगत फिरलो, आमची चारू उठली म्हणून." तो पुढे काही बोलणार होता, पण समोर मुलं होती. "रुमाल काढलास ना आता तरी?"

"त्याच दिवशी काढला. बाकीच्यांचे आहेत. मीच दिलेत त्यांना. हे जे इथे बोलले, तेच त्या सगळ्यांना उद्या सांगते. नाव घेऊन, माझं."

"सांग," दिगंबर म्हणाला. "मॅडमनाही सांग." आणि गाडी आली का ते बघायला तो बाहेर गेला. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

साळवी सरांनी मुलांना आपापल्या वस्तू उचलायला सांगितल्या. चप्पल गेली, कंपासपेटी गेली, एक रुमाल गेला. दुसरा तसाच स्टुलावर राहिला.

"हा कुणाचा?" सरांनी विचारलं.

पाणी पिऊन आलेला मुलगा खिडकीबाहेर बघत होता. सरांनी पुन्हा विचारलं. मघापर्यंत ज्या रुमालाला सगळे हसत होते, त्याला आता कुणी मालक उरला नव्हता.

शर्वरी उठली आणि स्टुलाजवळ गेली. उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी जुळवून तिने रुमाल चिमटीत धरला. एकदा तो निसटला, दुसऱ्यांदा आला. निळ्या चौकड्यांचा, कोपऱ्यात शाईचा डाग पडलेला रुमाल होता तो. तो घेऊन ती चारुतासमोर आली. रागावलेली दिसत नव्हती. ज्याची वस्तू त्याला द्यावी, इतकाच तिचा चेहरा होता.

"बाई, हा तुमचा ना?"

चारुताने खिडकीकडे बघणाऱ्या मुलाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"हो," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले. "माझाच."